देवराईतलं भांडण

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांना नावं होती आणि वाटांना नव्हती. ज्याला जिकडे जायचं असेल तिकडे तो चालू लागे, आणि त्याच्या पायांनी वाट होई.

अशाच एका डोंगराच्या कुशीत पंचवीस-तीस घरांचं एक गाव होतं. आता ते तिथे नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्याकडून ज्यांनी ऐकलं, त्यांच्याकडून मी ऐकलं आहे. ते सांगायचे, की त्या गावातल्या दारांना कड्या नव्हत्या. एका घरात गूळ-नाचणीचं काही शिजलं, की साऱ्या गावची पोरं त्या अंगणात जमायची. आणि वसंतात वारा डोंगरावरून खाली आला, की जांभळीच्या मोहोराचा वास घराघरांत शिरायचा.

गावापलीकडे एक ओढा होता आणि ओढ्यापलीकडे देवराई. देवराई म्हणजे देवीचं रान. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. रानाच्या मधोमध देवी होती. देवी कसली, गुडघाभर उंचीचा शेंदूर लावलेला एक दगड. तिला देऊळ नव्हतं, छप्पर नव्हतं. गावकऱ्यांची मात्र तिच्यावर सारी भिस्त होती. दाजीबा नावाचा एक म्हातारा पुजारी रोज तिथली झाडलोट करायचा.

त्या गावात लखू नावाचा एक माणूस राहायचा. कड्याकपारींवरची मोहोळं उतरवून मध काढणं हा त्याचा धंदा. अंबाडीच्या दोराला लोंबकळून तो कड्यावर उतरे, ओल्या पाल्याचा धूर करून माश्या बाजूला सारी आणि पोळं कापी. सगळं पोळं मात्र तो कधीच घेत नसे. म्हणायचा, "घर त्यांचं आहे. आपण पाहुणे. पाहुण्याने ताट रिकामं करू नये."

लखूला एकच लेक होती. तिचं नाव आवडी. नावाप्रमाणेच ती साऱ्या गावाची आवडती होती. आठ वर्षांची ती पोर बापाबरोबर डोंगर चढायची. तो कड्यावर लोंबकळत असला, की ही खाली भांडं धरून उभी राहायची आणि ओरडायची, "बा, जपून रे! माश्यांनो, माझ्या बाला चावू नका. तो थोडंच नेणार आहे!"

लखूची बायको गिरजा हसून म्हणायची, "माश्या तिचं ऐकतात हो. मी सांगितलं तर तुम्ही ऐकत नाही."

असे दिवस होते. असे दिवस असतात तेव्हा कुणी त्यांना नावं देत नाही. पुढे कधीतरी मागे वळून पाहिलं, की कळतं, ते सुखाचे होते.

एका हिवाळ्यात आवडीला ताप आला.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. पोरांना ताप येतो, उतरतो. पण हा उतरेना. मग तिचे गुडघे सुजले, मग घोटे. डोंगर चढणारी पोर अंथरुणावरून उठेनाशी झाली. वैद्य दोन डोंगर ओलांडून आला. त्याने नाडी पाहिली, छातीला कान लावला, काढा दिला आणि जाताना बाहेर येऊन म्हणाला, "काढा देत राहा. पोर नाजूक झाली आहे. मी सांगू शकतो ते एवढंच."

लखू देवराईत गेला. देवीपुढे डोकं टेकून म्हणाला, "आई, माझं लेकरू बरं कर. मी वर्षभर अनवाणी चालेन."

तो अनवाणी चालू लागला. ताप उतरला नाही.

"मी एक वेळ जेवेन," तो म्हणाला. आणि तो एक वेळ जेवू लागला. ताप उतरला नाही.

पौष गेला, माघ आला. लखूच्या तळपायांना भेगा पडल्या, गालफडं बसली. रोज सकाळी तो आवडीच्या कपाळाला हात लावी आणि रोज तो हात पोळे. एके दिवशी असाच हात लावून तो उठला आणि देवराईकडे जाण्याऐवजी अंगणात उभा राहिला. त्याच्या मनात आलं, 'मी आजवर कुणाचं वाईट केलं? माश्यांचंसुद्धा घर मी मोडलं नाही. मग माझंच घर का?'

आणि त्या दिवशी त्याच्या पोटात रागाने घर केलं.

राग देवीवर होता, पण देवी होती ओढ्यापलीकडे. राग मात्र लखूबरोबर घरातच राहू लागला. गिरजा संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची, तो येऊन फुंकर मारायचा.

"दिवा विझवून ताप उतरतो का?" गिरजा विचारायची.

"लावून तरी कुठे उतरला?" तो म्हणायचा आणि बाहेर निघून जायचा.

आवडीच्या अंथरुणापाशी बसणं त्याला सोसेना. तिचे सुजलेले गुडघे पाहिले, की त्याच्या छातीत काहीतरी पेटायचं. मग तो दिवसदिवस डोंगरावर भटकायचा, मोहोळंही उतरवायचा नाही, नुसतेच दगड दरीत फेकायचा. परत यायचा तो काळवंडलेल्या चेहऱ्याने. घरात भांडं वाजलं तरी खेकसायचा. आवडी हाक मारायची, "बा," तर तो लांबूनच म्हणायचा, "झोप तू."

गिरजा सगळं पाहत होती. तिलाही राग होता, तिलाही भीती होती. पण काढा उकळायचा होता, पाय शेकायचे होते, पोरीला कूस बदलून द्यायची होती. तिला रागवायला सवड नव्हती.

एके दुपारी गिरजा ओढ्यावर धुणं धुवायला गेली होती. जाताना ती नवऱ्याला बजावून गेली, "उन्हं या खांबापाशी आली, की तिला काढा द्या. आज तरी कुठे जाऊ नका."

उन्हं खांबापाशी आली. लखूने वाटी घेतली आणि आवडीजवळ गेला. काढा कडू जहर होता. एरवी तो पिताना आवडी नाक मुरडायची, हातपाय झाडायची. त्या दिवशी तिने वाटी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा हलू दिला नाही. मग ती बापाकडे बघत राहिली.

"पाहिलंस ना, बा? मी तोंडसुद्धा वाकडं केलं नाही."

"शहाणी आहेस."

"मग आता तू माझ्यावर रागावणार नाहीस ना?"

लखूने तिच्या हातातली रिकामी वाटी घेतली. "तुझ्यावर कोण रागावलंय?"

"तू," आवडी हळूच म्हणाली. "मी आजारी पडले म्हणून. पण मी मुद्दाम नाही पडले, बा. खरंच नाही. आता मी लवकर बरी होईन. तू बोल ना माझ्याशी."

त्याने वाटी खाली ठेवली आणि पोरीला उचलून छातीशी धरलं. ती इतकी हलकी झाली होती, की अख्खी आवडी आपल्या हातात आहे, हे त्याला खरं वाटेना.

"नाही ग बाळा. नाही. तुझ्यावर नाही," तो म्हणत राहिला. गिरजा धुण्याची पाटी घेऊन दारात आली, तेव्हाही तो तेच म्हणत होता.

पोरीला आईच्या हाती देऊन लखू निघाला. त्याने ओढा ओलांडला. देवीपुढे पोचताच त्याने एक मोठा धोंडा उचलला आणि डोक्यावर धरला.

दाजीबा तिथेच पानं झाडत होता. त्याने वर पाहिलं, पण झाडणं थांबवलं नाही.

"मारायचा असेल तर मार," तो शांतपणे म्हणाला. "तीही दगडच आहे. दगडाला दगड लागून काय व्हायचंय? पण मग उद्या फेकायला दुसरा शोधावा लागेल, परवा तिसरा. त्यापेक्षा बोल."

"कुणाशी बोलू? ही ऐकते का?"

"ती ऐकते असं समजून मी चाळीस वर्षं इथे आहे."

"मग विचारा तिला! माझ्या पोरीने काय केलं होतं? विचारा ना!"

"माझ्या वेळी मीही विचारलं होतं," दाजीबा म्हणाला. "माझी दोन पोरं गेली. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास."

लखूने धोंडा खाली टाकला. "मग काय उत्तर दिलं तिने?"

"अजून दिलेलं नाही."

"आणि तरी तुम्ही रोज इथे झाडता?"

"पानं रोज पडतात," दाजीबा म्हणाला.

लखू मटकन खाली बसला. वर कुठेतरी तांबट पक्षी टुक टुक करत होता.

"मला देवीचा राग येतो, दाजीबा," शेवटी लखू म्हणाला. "फार राग येतो. हे पाप आहे ना?"

म्हाताऱ्याने केरसुणी झाडाला टेकवली आणि तो लखूच्या शेजारी येऊन बसला. "लखू, परक्याच्या दारात जाऊन कुणी भांडतं का रे? भांडण आपल्या माणसाशीच होतं. तुला ती आपली वाटते म्हणून तू चिडला आहेस. तेव्हा इथे ये, रोज ये. जे पोटात आहे ते तिच्या तोंडावर बोल. पण इथलं इथेच ठेवून जा. आणि घरी जाताना ओढ्यावर थांबून तोंड धू. थंड पाण्याने, चांगलं चोळून."

"त्याने काय होईल?"

"पोरीला तिच्या बापाचं तोंड दिसेल," दाजीबा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून लखू रोज सकाळी देवराईत जाऊ लागला. हात जोडायचा नाही, फूल वाहायचा नाही. देवीपुढे उभा राहून तो भांडायचा.

"काल रात्रभर पोर कण्हत होती. तू काय करत होतीस? अनवाणी चाललो, उपाशी राहिलो, अजून काय पाहिजे तुला? आई म्हणवतेस ना? मग माझ्या गिरजाकडून शीक. ती बघ कशी आई आहे!"

ओरडून ओरडून घसा बसला, की तो थांबायचा. मग ओढ्यावर यायचा, ओंजळीने तोंडावर पाणी मारायचा, चोळून चोळून धुवायचा. पहिल्या दिवशी पाणी मारता मारता तो रडला. पाण्यात ते कळलं नाही.

आणि मग घरी येऊन तो आवडीच्या उशाशी बसायचा.

पहिल्यांदा काय बोलावं हेच त्याला सुचेना. मग आवडीनेच सुरुवात केली. "बा, आठवतं का, आपण पांगाऱ्याच्या खिंडीत गेलो होतो आणि माझी चप्पल माकडाने पळवली होती?"

"आठवतं तर! आणि तू दुसरीही त्याच्याकडे फेकलीस. म्हणालीस, एक घेऊन तो काय करणार!"

आवडी हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

त्या दिवसापासून तो त्यांचा खेळच झाला. 'आठवतं का?' असं एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने पुढचं सांगायचं. आठवतं का, कड्याखाली करवंदांची जाळी सापडली होती आणि तुझी जीभ तीन दिवस जांभळी होती? आठवतं का, आईने आपल्याला भाकरी दिली होती आणि आपण ती खारीला देऊन टाकली? आठवतं का, पहिलं पाऊल डोंगरावर कुणी टाकायचं म्हणून आपण शर्यत लावली आणि तू मुद्दाम पडलास? कधी गिरजाही चूल सोडून दाराशी येऊन बसायची आणि मध्येच म्हणायची, "तसं नव्हतं ते. मी सांगते."

ताप होताच. सूज होतीच. पण लखूला वाटलं नव्हतं एवढं त्या तिघांपाशी साठलेलं होतं. ते एकेक करून बाहेर काढत होते आणि ते संपत नव्हतं. डोंगर घराबाहेर राहिला होता, पण तो असा रोज घरात यायचा.

इकडे गावात कुजबूज सुरू झाली. लखूचा आवाज ओढ्याच्या अलीकडे ऐकू येत होता.

लखूच्या शेजारी कोंडिबा राहायचा. तो बांबूच्या टोपल्या विणायचा. त्याला सोमा नावाचा सहा वर्षांचा मुलगा आणि रंगू नावाची त्याहून धाकटी मुलगी होती. कोंडिबा फार देवभोळा. एकही मंगळवार त्याने चुकवला नव्हता. पहिली टोपली विणली की देवीला, पहिली शेंग आली की देवीला. सोमा रोज आवडीच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा आणि तिला गावातल्या बातम्या सांगायचा. लखूचं भांडण कानावर आलं, तसं कोंडिबाने सोमाला दंडाला धरून ओढत घरी नेलं.

"त्या घरी पुन्हा पाऊल टाकायचं नाही," त्याने बजावलं.

मग त्याने गाव जमवलं. पाटलापुढे उभा राहून तो म्हणाला, "हा रोज देवीला शिव्या घालतो. याच्या पायी ती कोपेल आणि साऱ्या गावची पोरं त्यात जातील. याला देवराई बंद करा."

पुष्कळांनी माना डोलावल्या. पाटलाने दाजीबाकडे पाहिलं. "तुम्ही पुजारी. तुमचं काय म्हणणं?"

दाजीबा सावकाश उठला. "चाळीस वर्षं बघतोय," तो म्हणाला. "सगळे येतात. मागायचं ते मागतात आणि पाठ फिरवून जातात. हा एकटाच आहे, जो रोज येतो आणि आपल्या मनात खरोखर जे आहे ते तिला सांगतो. याला बंदी करायची असेल तर करा. मग मी एकटाच उरेन तिच्याशी बोलायला, आणि माझं बोलणं आता तिला पाठ झालं असेल."

काहीजण हसले. पाटलाने बंदी घातली नाही. पण त्या दिवसापासून लोक लखूशी बोलेनासे झाले. कोंडिबा तर समोरून आला, की तोंड फिरवायचा. लखूनेही त्याला दोष दिला नाही. आपल्या पोरांसाठी माणूस किती घाबरतो, हे त्याला आता कळलं होतं.

फाल्गुन लागला. आणि कोंडिबाच्या सोमाचा घसा सुजला.

त्याला अन्न गिळवेना, मग पाणी गिळवेना. कोंडिबा ओढ्यापासून देवीपर्यंत लोटांगण घालत गेला. वैद्याला आणायला माणूस धावला. पण वैद्य यायच्या आतच, पाचव्या दिवशी सकाळी, सोमा गेला.

साऱ्या गावात चुली पेटल्या नाहीत. आवडीने विचारलं, "सोमाच्या घरी सगळे का रडतायत?" आणि लखूने तिला खरं ते सांगितलं. ती पुष्कळ रडली. तोही तिच्याबरोबर रडला.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी लखू नेहमीप्रमाणे देवराईत गेला, तर देवीपुढे कोंडिबा बसलेला. हात जोडलेले, पाठ ताठ, जबडा असा आवळलेला, की गालावरच्या शिरा उठून दिसत होत्या. त्याचे ओठ हलायचे आणि पुन्हा घट्ट मिटायचे. बाजूला दाजीबा उभा होता. त्याने लखूकडे पाहून नुसती मान हलवली.

लखू कोंडिबाजवळ बसला. "बोल, कोंडिबा," तो म्हणाला.

"काय बोलू?" कोंडिबा दातांमधून म्हणाला. "घरी रंगू आहे अजून. मी काही बोललो आणि तिला काही झालं तर?"

तेव्हा लखूला कळलं, की या माणसाचा राग आपल्याहून मोठा आहे आणि त्याची भीती रागाहूनही मोठी आहे. तो उठला. देवीसमोर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी तो आवडीबद्दल एक शब्द बोलला नाही.

"या माणसाने तुझं काय बिघडवलं होतं?" तो ओरडला. "मी तरी भांडलो तुझ्याशी. याने कधी वर मान केली होती? पहिली टोपली तुला, पहिली शेंग तुला. मंगळवार चुकवला नाही. आणि याचंच लेकरू? सहा वर्षांचं? अगं, त्याचे पुढचे दात पडले होते, नवे यायचे होते अजून!"

"नको, लखू, नको," म्हणत कोंडिबा धावला. त्याने लखूच्या तोंडावर हात ठेवला. पण लखूने तो हात बाजूला केला आणि तो बोलतच राहिला. कोंडिबाच्या मनात जे जे असेल ते सगळं तो बोलला. आणि बोलता बोलता त्याला जाणवलं, की आपल्या खांद्यावर कुणीतरी डोकं टेकलं आहे आणि ते डोकं गदगदा हलतं आहे.

कोंडिबा रडत होता. सोमा गेल्यापासून पहिल्यांदाच.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली, देवीकडे पाहिलं आणि एकच वाक्य बोलला. "या उन्हाळ्यात मी त्याला पोहायला शिकवणार होतो."

देवीने उत्तर दिलं नाही. आभाळ कोसळलं नाही, जमीन दुभंगली नाही. झाडावरून दोन पानं गळली, ती दाजीबाने उचलली.

दोघं ओढ्यावर आले. लखूने तोंड धुतलं. कोंडिबा नुसताच पाण्याकडे बघत उभा होता.

"धू," लखू म्हणाला. "चांगलं चोळून धू. रंगूने तीन दिवस तुझं तोंड पाहिलेलं नाही."

"रंगू?" कोंडिबाला जणू लांबचं काही आठवलं.

"गिरजा सांगत होती. पोर टोपल्यांच्या ढिगामागे बसून असते. कुणी हाक मारली तरी येत नाही. तिला वाटतंय, तू तिच्यावर रागावला आहेस."

कोंडिबा खाली वाकला. त्याने ओंजळीमागून ओंजळ तोंडावर मारली. मग तो घाईघाईने घराकडे चालू लागला, आणि थोड्या वेळाने पळत सुटला.

चैत्राच्या शेवटी आवडीचा ताप उतरू लागला. एका दिवसात नाही. आज थोडा, उद्या पुन्हा वर, परवा जरा खाली, असं करत करत तो गेला. सूज ओसरली. वैद्य म्हणाला, "जगली पोर. पण छाती कमजोर झाली आहे. हिला आता डोंगर चढवू नका, कधीच."

लखू देवराईत गेला. त्याने हात जोडले. आभार मानावेत म्हणून तोंड उघडलं, तर तोंडून निघालं, "आणि सोमा?" आभार खरे होते आणि प्रश्नही खरा होता. दोन्ही तसेच देवीपुढे ठेवून तो परत आला. ओढ्यावर तोंड धुवायला मात्र विसरला नाही.

पुढे आवडी मोठी झाली. डोंगर ती पुन्हा कधी चढली नाही, पण डोंगर तिला तोंडपाठ होता. गावातली पोरं संध्याकाळी तिच्या अंगणात जमत आणि ती त्यांना पांगाऱ्याची खिंड, करवंदांची जाळी, चप्पल पळवणारं माकड यांच्या गोष्टी सांगे. त्यांत सर्वांत पुढे रंगू बसलेली असे. आणि कितीदा तरी कोंडिबाही टोपली विणत विणत ऐकत बसे. लखू म्हातारा झाला, तेव्हा एकदा तो गिरजाला म्हणाला, "आपल्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर मी तोच हिवाळा सांगेन. पण पोरीच्या उशाशी घालवलेल्या त्या सकाळी मला कुणाला देऊ म्हटलं तरी देववणार नाहीत."

"मलाही नाही," गिरजा म्हणाली.

त्या गावात मग एक रीत पडली. कुणाच्या घरी लेकरू आजारी पडलं, की त्याच्या आईबापांनी देवराईत जायचं आणि देवीशी मनसोक्त भांडायचं. त्यांना कुणी अडवायचं नाही, कुणी बोल लावायचा नाही. ज्याच्याच्याने बोलवणार नाही, त्याच्या वतीने शेजाऱ्याने भांडायचं. आणि घरी परतण्यापूर्वी ओढ्यावर थांबून तोंड धुवायचं.

त्या रीतीने सगळी लेकरं वाचली असं नाही. काही वाचली, काही गेली. पण त्या गावातल्या एकाही आजारी लेकराला पुन्हा कधी असं वाटलं नाही, की आईबाप आपल्यावर रागावले आहेत.

बोध इतकाच: देवाला आपला राग पेलतो, लेकराला पेलत नाही.